दहा वर्षं कुठं गेली नाहीत

"तिलाच बसवा पहाऱ्याला. ती कुठं बोलते? आणि जी बोलतच नाही, तिला आप्पा फितवणार कसे?"

…हे माझ्याबद्दल बरं का! माझ्या तोंडावर नाही, तोंडावर कोण म्हणेल, मी आपली स्वयंपाकघरात खाली मान घालून मेथी निवडत बसलेले, मध्ये एक पडदा, आणि पडद्यापलीकडे माझ्या वन्सं, चतुराबाई, ह्यांची थोरली बहीण, देवळाली कॅम्पात दिलेली, आजूबाजूला सगळी मिलिटरीची बिऱ्हाडं, त्यामुळं आवाज असा की ऐकणाऱ्यानं नकळत टाचा जुळवाव्यात… आणि अशा आवाजात त्या म्हणे कुजबुजत होत्या! आता तुम्हीच सांगा, लग्न होऊन दोन महिने झालेल्या मुलीनं सासरी बोलायचं तरी किती? पिंपळगावहून निघताना आईनं बजावलेलं, "पहिलं वर्ष ऐकून घे, मग जन्मभर तुलाच बोलायचंय." मी ऐकून घेत होते हो! तर ह्या लोकांनी माझी नेमणूकच करून टाकली. पहारेकरी! आणि पहारा कुणावर? सासऱ्यांवर!

म्हणजे झालं काय… पण आधी मामंजी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल घरात कुणी कैदी होता. सहादू नाव. घरात आप्पा, मी मामंजी म्हणायची, आणि एसटीत उस्ताद! बत्तीस वर्षं लाल गाडी चालवली, त्यातली वीस नाशिक-पेठ. घाटातलं एकेक वळण त्यांना ओळखायचं म्हणे. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली, पण माणूस काही थांबायला तयार नाही. पहाटे गंगेवर, नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आंघोळ, येताना एक मिसळ, ती पण अशी की शेजारच्या टेबलावरच्याला ठसका लागावा, मग ओट्यावर बैठक, घटकेघटकेला विडी, आणि हसणं… हसणं असं की समोरच्या घरातलं तान्हं पाळण्यात दचकायचं. आमचं लग्न मार्गशीर्षातलं. पौषात एक दिवस ओट्यावर बसून कुठल्याशा कंडक्टरची नक्कल करता करता मामंजींनी छाती दाबून धरली, आणि समोरचे चार जण आणखीनच हसले… त्यांना वाटलं, नक्कलच चाललीय!

पंधरा दिवस दवाखाना. वाचले. घरी सोडताना डॉक्टर, चांगला हसतमुख तरुण माणूस, चष्मा पुसत पुसत म्हणाला, "घाबरायचं काही कारण नाही. पथ्य पाळलं तर दहा वर्षं कुठं गेली नाहीत!"

संपलं! तो बिचारा बोलून मोकळा झाला, चष्मा घालून पुढच्या पेशंटकडे गेला, आणि ते वाक्य आमच्याबरोबर टांग्यात बसून घरी आलं. आलं ते राहायलाच आलं.

तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी घरातून मीठ गेलं. दुसऱ्या दिवशी तिखट. तिसऱ्या दिवशी तेल, मग साखर, मग विडी, मग मिसळ, मग गंगा, का तर घाटाला पायऱ्या आहेत, मग ओटा, का तर वारा लागतो, मग मित्र, का तर ते बोलायला लावतात… आणि एक दिवस वन्संनी देवळालीहून येऊन शेवटचा हुकूम सोडला, "आणि हे बघा, कुणी त्यांना हसवायचं नाही! छातीला ताण येतो!" म्हणजे हसणं पण गेलं. राहिलं काय? दुधी! सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी, सणावाराला बदल म्हणून दोडका. तोही अळणी. मी माहेरी स्वयंपाकाला सुगरण म्हणून नावाजलेली मुलगी, आणि इथं माझं काम काय, तर पाण्यात दुधी शिजवायचा आणि तो पाण्यासारखा लागतो की नाही याची खात्री करायची! ताट समोर ठेवलं की मामंजी दुधीकडे बघायचे, दुधी मामंजींकडे बघायचा, आणि दोघंही माझ्याकडे. मी पदर सारखा करायची. दाराआडून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "खा हो. दहा वर्षं कुठं गेली नाहीत!"

पेपरचं तर विचारूच नका. त्यांना वाईट बातमी कळता कामा नये म्हणून पेपर आधी माझ्याकडे यायचा, आणि मी कात्री घेऊन निधनवार्ता कापायची. मग अपघात कापायचे. मग वन्सं म्हणाल्या निवडणुका पण काप, त्यांचं डोकं तापतं. शेवटी मामंजींच्या हातात जो यायचा त्याला पेपर कशाला म्हणायचं, खिडक्यांचं दुकान होतं ते! एका खिडकीतून त्यांचा एक डोळा दिसायचा. तो डोळा म्हणायचा, "नवे…" हो, या घरात माझं नाव नवी. चांगलं नाव ठेवलेलं लग्नात, तांदळात लिहिलेलं, पण कुणाला सवड आहे? "नवे, आज कोण कोण गेलं?" मी कात्री आवरायची. "पुंजा तर नाय ना गेला?" पुंजा म्हणजे त्यांचे ओट्यावरचे दोस्त. मी मान हलवायची, नाही. "मग ठीक हाय. त्याच्या आधी मी जाणार नाय. नायतर माझ्या मयतीला येऊन लय बोलंल तो."

दुपारी त्यांचा डोळा लागला की आत्याबाई हळूच जायच्या, वाकायच्या, आणि नाकाखाली बोट धरायच्या. श्वास चालतोय ना, एवढंच बघायला हो! पण झोपलेल्या माणसाच्या नाकाखाली गार बोट आलं तर काय होईल? मामंजी ताडकन उठून बसायचे, "काय झालं? कोण मेलं?" "काही नाही, झोपा. झोप लय महत्त्वाची आहे, डॉक्टर म्हणालेत." परत डोळा लागायचा, परत बोट! एका दुपारी चार वेळा. मला आतून वाटायचं, बाई गं, हा माणूस झटक्यानं नाही, या बोटानं जाणार!

पण बोलू कुणाशी? ह्यांच्याशी बोलावं, तर आमचे हे, नाव मल्हारी, पण स्वभाव असा की आईनं काही सांगितलं तरी "बरोबर आहे", बहिणीनं उलटं सांगितलं तरी "बरोबर आहे", आणि मी नुसतं बघितलं तरी "तुझंही बरोबर आहे". अशा माणसाशी भांडण होत नाही, हे सुख आहे म्हणतात. असेल.

आणि मामंजी? त्यांनी मला फितवायचा प्रयत्न केला का? केला की! पण कसा, तर मिसळ आण म्हणून नाही, विडी आण म्हणून नाही. एक दिवस खिडकीतून, पेपरच्या हं, मला विचारतात, "नवे, ती दहा वर्षं हे लोक जोडणार कुठं?" मी वर बघितलं. "नाय, म्हंजे कोणत्या टोकाला? तिशीत जोडत असतील ना, तर मी दुधी काय, दुधीचा वेल चघळंन. तिशीत मी पेठच्या घाटात एका हातानं गाडी काढायचो, दुसऱ्या हातात भेळ. तिथं घाला म्हणावं दहा वर्षं! पण हे घालणार शेवटाला. दात नाय, डोळा नाय, ऐकू येत नाय, तिथं घालणार. आता तू सांग, गाडी जिथं बंद पडली तिथंच पुढं दहा वर्षं उभी करून ठेवली, तर पॅसेंजर पेठला पोचला म्हणायचं का?"

मला हसू आलं. मी पदर तोंडात कोंबला. पहारेकऱ्यानं हसायचं नसतं.

आणखी एकदा म्हणाले, "डेपोत उभ्या गाडीचे टायर आधी कुजतात, नवे. धावत्या गाडीचे झिजतात. झिजणं बरं का कुजणं बरं?" माझं पहाऱ्याचं काम, मला प्रश्न विचारायचा नियमच नव्हता!

पण मग हळूहळू ते विचारायचेही थांबले. हे मात्र हसण्यावारी नेता येईना. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुधी आला की खायचे. न कुरकुरता! बोट नाकाखाली आलं तरी दचकायचे नाहीत, नुसते डोळे उघडून परत मिटायचे. डॉक्टर आला तपासायला, पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं, म्हणाला, "वा! बीपी एकदम छान! झोप?" "येते." "भूक?" "नाय." "राग वगैरे?" "नाय." "काही खावंसं, कुठं जावंसं वाटतं?" "नाय." "उत्तम! फार उत्तम प्रगती आहे!" आणि दारात आत्याबाईंना परत तेच, "असंच चालू ठेवा, दहा वर्षं कुठं गेली नाहीत!" आत्याबाईंनी त्याला नमस्कार केला. आणि मी त्या प्रगतीकडे बघत उभी. गालाची हाडं वर आलेली, डोळे खिडकीबाहेर पण नाहीत आणि आत पण नाहीत… माणूस तर कधीच उतरून गेलेला, गाडी तेवढी चालू!

आणि सगळा दोष आत्याबाईंवर टाकावा म्हटलं तर तेही जमेना. एकदा त्यांचं ताट वाढताना मी आमटीला मीठ घातलं, सवयीनं, कारण अळणी फक्त मामंजींना. त्यांनी ताट सरकवलं. "मला त्यांच्यातलंच वाढ." "दोन महिने झाले, मी पण नाही खाल्लं मीठ," म्हणाल्या, "त्यांना अळणी घालायचं आणि आपण चवीनं खायचं, घास उतरत नाही गं." आणि ताटावर वाकून तो दुधी खायला लागल्या, एकेक फोड, औषध घ्यावं तशा. अशा बाईला काय म्हणणार, की तुम्ही त्यांना मारताय? माझी जीभ झडली असती. त्यांना एकच भीती. मला दोन. पथ्य मोडलं नि काही झालं, तर नवीनं मारलं. पथ्य पाळलं आणि असंच चाललं… तर कुणीच मारलं नाही! हे दुसरं जास्त भयंकर होतं की नाही? मला तर रात्रंदिवस एका जागी बसवेना. पायाला नुसती भिंगरी.

अशात आली रंगपंचमी.

आता मी पिंपळगावची. आमच्याकडे रंगपंचमी म्हणजे पिचकारी नि पळापळ. पण जुन्या नाशकात रहाड! मी ऐकून होते, बघितली नव्हती. आमच्या दारासमोरच्या चौकाच्या पोटातच आहे ती, एक दगडी हौद, दोन पुरुष खोल. वर्षभर त्याच्यावर लाकडाचे ओंडके आणि माती, वरून टांगे जातात, सायकली जातात, आमची वरात पण तिच्यावरूनच गेलेली, मला पत्तासुद्धा नाही! रंगपंचमी आली की ती उकरायची, धुवायची, पाण्यानं भरायची, मोठमोठ्या हंड्यांत पळसाची फुलं कढवून तो रंग तिच्यात ओतायचा, पूजा करायची, आणि मग मोठमोठाले बाप्ये धाडधाड उड्या टाकतात. त्या उडीला म्हणायचं धप्पा. धप्पा असा बसला पाहिजे की वरच्या मजल्यावरची माणसं भिजली पाहिजेत.

आणि ती पळसाची फुलं, तुम्हाला सांगते, वीस वर्षं मामंजींच्या गाडीच्या टपावरून आलेली! पेठच्या डोंगरातून, पोतीच्या पोती. आणि नुसतं आणणं नाही. रंग कढला की नाही ते बघायचं काम त्यांचं. धोतराचा सोगा हंड्यात बुडवायचा, पिळायचा, उन्हाकडे धरायचा, आणि म्हणायचं, "उतरला!" तोवर हंडा कुणी हलवायचा नाही. आमच्या चौकाची रीतच ती. आणि मग दुपारी एक धप्पा. एकेचाळीस वर्षं, एकही चुकलेला नाही. नोकरीत असताना त्या दिवसाची रजा साहेब न मागता लिहायचे म्हणे.

दारासमोर रहाड उकरायला घेतली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या मामंजींचा कान हलला. मी बघितलं! पहारेकरी होते ना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी हंड्यांचा वास यायला लागला, तर उठून बसले.

आणि दारात पुंजातात्या हजर! हंड्यांखालचा जाळ सांभाळणारे. मामंजींच्याच वयाचे, अंगात बंडी, तोंडात विडी.

"वहिनी, सहादू कुठाय?"

"घरी नाहीत," आत्याबाई.

आतून खोकला.

"मग खोकतंय कोण?"

"रेडिओ."

"बरं," पुंजातात्या म्हणाले, "मग रेडिओला म्हणावं, रंग बघायला सोगा लागतो. धोतर नसंल तर माझं घे म्हणावं." कारण धोतर खरंच नव्हतं! आत्याबाईंनी सगळी धोतरं ट्रंकेत घालून कुलूप ठोकलेलं. माणूस लुंगीवर ठेवलेला!

त्याच संध्याकाळी वन्सं आल्या, आणि परत पडद्यापलीकडे कुजबुज, म्हणजे चौकाला ऐकू जाईल अशी. "मी सांगते ना आई, इथं दारात रहाड, ते काय थांबणार? त्यापेक्षा देवळालीला पाठव. हवापालट! आमच्याकडं मुंबईचे शेठ येऊन राहतात हवेसाठी. मी पुढं जाऊन खोली झाडून ठेवते, परवा अकराच्या बसनं नवी त्यांना घेऊन येईल. तिला काय, बसवायचं नि उतरवायचं." "बरोबर आहे," हे म्हणाले. मी मेथीच निवडत होते. आमच्याकडे दुसरी भाजी येत नाही का, मला कळत नाही!

रंगपंचमी उजाडली. ह्यांनी आम्हाला शालिमारला बसपर्यंत सोडलं, "सांभाळून जा" म्हणाले, आणि स्वतः कुठं गेले असतील? रहाडीवर! बाहीला आधीच रंग लागलेला. बरोबर आहे.

आणि बसमध्ये ड्रायव्हर कोण? केरू! मामंजींच्याच हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकलेला. तो वळून बघतो तर उस्ताद पाठीमागं, बाकावर, लुंगीत, मांडीवर दुधीची पिशवी, हो, वन्संनी सांगितलेलं येताना इथून दुधी आणा, कॅम्पात कोवळे मिळत नाहीत…

"उस्ताद! आज? आज तुम्ही गाडीत?"

"हवापालट," मामंजी म्हणाले.

झालं, सगळ्या बसला तोंड फुटलं! एक काकू म्हणाल्या, बरोबर आहे, जिवापेक्षा का रंग जास्त! त्यांचे मालक म्हणाले, "अहो, माझा भाऊ बारा वर्षं पथ्यावर जगला." "मग?" "मग काय, घरातले दमले." मागून एक म्हातारी ओरडली, "मी रोज तंबाखू खाते, अठ्ठ्याहत्तर चालू हाय!" कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे आधी द्या." आणि सगळ्यांचं मिळून शेवटी तेच, कुणीतरी म्हणालंच, "पथ्य पाळा बाबा, दहा वर्षं कुठं गेली नाहीत!" माझ्या डोक्यात सणक गेली! हे वाक्य काय एसटीनं पण फिरायला लागलं?

टण टण. बस सुटली. मामंजी खिडकीशी. बत्तीस वर्षं ज्यांनी गाडी ओढली, ते पहिल्यांदा गाडीत ओझ्यासारखे बसलेले, दोन्ही हात पिशवीवर. रंगानं भिजलेली पोरं रस्त्यानं पळत होती, मामंजी त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, अगदी साधं, खरंच माहिती हवी असल्यासारखं, "नवे, दहा वर्षं. रोज काय देशील मला?"

आता मी खोटं कशी बोलू? मी म्हटलं, "दुधी."

लग्न झाल्यापासूनचा माझा त्यांच्याशी पहिला शब्द! आणि मामंजी हसले. आधी खांदे हलले, मग पिशवी हलली, मग ते हसणं असं सुटलं की पुढच्या बाकावरचं पोर रडायला लागलं, केरूनं आरशात बघितलं, काकू म्हणाल्या "अगं बाई, ह्यांना हसू देऊ नको, आजारी आहेत ना!" ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, तरी हसतायत, "दुधी! रोज! दहा वर्षं! दुधी!" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवलेला, आणि हाताखाली मला ते लागत होते हो, आतून, जिवंत! आणि मी काय करत्येय, तर ह्यांना घेऊन देवळालीला चाललेय, निजवायला!

माझा हात आपोआप वर गेला. डोक्यावर ती घंटीची दोरी असते ना… मी ओढली. टण!

एक घंटी म्हणजे थांब. केरूनं कचकन ब्रेक मारला. कंडक्टर ओरडला, "कुणी मारली?" सगळी बस एकमेकांकडे बघतेय, आणि मी, जी बोलत नाही ती, दोरी हातात धरून उभी! "उतरा, मामंजी," म्हटलं. ते दुधीची पिशवी बाकावर ठेवून उठले. केरूला म्हणाले, "चतुराला दे. कोवळे हायेत म्हणावं."

टांग्यानं परत. सगळ्या वाटेत मामंजी एक शब्द बोलले नाहीत आणि मी मनातल्या मनात एकशे आठ वेळा बोलले, काय केलंस, बाई, काय केलंस! चौकात ही गर्दी, ढोल, सगळी माणसं नारिंगी, आणि पुंजातात्यांनी आम्हाला बघितलं मात्र, "रेडिओ आला रे!" कुणीतरी धोतर दिलं, कुणी बंडी. मामंजींनी शेवटच्या हंड्यात सोगा बुडवला, पिळला, उन्हाकडे धरला. "अजून एक उकळी," म्हणाले. त्या दिवशी अडीच महिन्यांनी त्यांचा शब्द कुणीतरी ऐकला, आणि जाळ वाढवला. मग परत सोगा. "उतरला!"

आणि मग काठावर. मी म्हटलं, आता थांबवू का? अजून थांबवता येईल. गर्दीत तिकडे हे उभे, नखशिखांत नारिंगी, तोंड उघडं. आमच्या दारातून आत्याबाई धावत येतायत, पदर सुटलेला, "अहो! अहो!!" मामंजींनी बायकोकडे बघितलं, रहाडीकडे बघितलं, आणि घेतला धप्पा!

पाणी वर आलं ते आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. आणि मी मोजायला लागले. एक… दोन… पाणी हलतंय, वर कुणी नाही… चार… पाच… ढोल थांबला… आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, अशी नखं रुतली… सात… मी सगळ्या देवांना म्हटलं, मी शिजवीन, रोज शिजवीन, दोडका पण शिजवीन… नऊ… दहा…

डोकं वर आलं! नारिंगी. "रंग बरा हाय," म्हणालं.

पोरांनी हात देऊन वर घेतलं, कडेला बसवलं. छाती भात्यासारखी. मामंजींचा हात छातीवर गेला. हात छातीवर चाचपतोय, चाचपतोय… "च्यायला, विडी कुणी घेतली रे?" दुसऱ्याच्या बंडीत शोधत होते!

तेवढ्यात वन्सं आल्या. बस देवळालीला पोचली, केरूनं बापाऐवजी दुधी हातात दिला, त्या तशाच रिक्षा करून निघाल्या, पिशवीसकट. मग काय, भर चौकात माझी हजेरी. "तुला काय सांगितलेलं? बसवायचं नि उतरवायचं!" मी मनात म्हटलं, तेच तर केलं. "काही झालं असतं म्हणजे? तू कोण ठरवणारी? पहिल्या वर्षात हे, तर पुढं काय? मल्हारी, तू बोल काहीतरी!" ह्यांनी बहिणीकडे बघितलं, आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंच बरोबर म्हणाले नाहीत. टॉवेल आणायला गेले.

मामंजी मात्र बायकोला म्हणाले, "चल गं, भूक लागली. काय केलंय? दुधी? दुधी तर दुधी, वाढ. आता पुढच्या रंगपंचमीपर्यंत टिकायचं हाय ना मला." आणि उठून चालायला लागले, मागं नारिंगी पावलं उमटवत. बघा म्हणजे! अडीच महिने आम्ही त्यांना जगा जगा म्हणून दम भरत होतो, आणि का जगायचं ते सांगायला कुणालाच सुचलं नाही.

पण आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. माझं मनगट अजून त्यांच्याच हातात. तोंडावरून रंग ओघळतोय की आणखी काही, कळत नव्हतं. वन्संच्या आवाजाला मी भीत नव्हते, पण आत्याबाई हळू बोलल्या, "आणि वर आलेच नसते म्हणजे? मला काय सांगणार होतीस गं?"

सगळा चौक ऐकतोय. आईचं ते वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, पण म्हटलं जाऊ दे, आता काय राहिलंय! मी पदरानं आधी त्यांचं तोंड पुसलं, आणि म्हटलं,

"सांगितलं असतं, आत्याबाई, की हसत गेले. त्या अळणी ताटावरून गेले असते, तर तुम्हाला सांगायला माझ्याकडं तेवढंही नसतं."